मुंजाचें तोंड

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आमच्या जव्हारच्या घरीं नित्याप्रमाणें सर्व मंडळी जमली होती. डोंबिवलीचे धाकटे बंधु, नाशिकची भगिनी, पुण्याचे चिरंजीव व सूनबाई, आणि या सर्वांचीं मिळून सात मुलें. जव्हार उंचावरचें गांव असल्यामुळें येथला उन्हाळा मुंबई-ठाण्याच्या मानानें सुसह्य, व घर जुन्या बांधणीचें म्हणून भर दुपारींही माजघरांत गारवा असतो. अशाच एका दुपारीं मुलांनीं भिंतीवरच्या टीव्हीवर ‘मुंज्या’ नांवाचा चित्रपट लावला. वडील माणसांपैकीं कोणी सुपारी कातरीत होतें, कोणी पेंगत होतें. आम्ही आरामखुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों, आणि आमच्या मातोश्री, ज्यांचें वय आतां नव्वदीच्या घरांत आहे, भिंतीला टेकून वाती वळीत होत्या. मुलें खदखदां हंसत होतीं. चित्र हंसवीत हंसवीत भिवविण्याकरितांच केलेलें आहे, तेव्हां त्यांत मुलांचा दोष नाहीं. मध्येंच मातोश्रींनीं वातींचें तबक खालीं ठेवलें, आणि कांहीं न बोलतां त्या मागील दारीं निघून गेल्या.

वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल कीं, मुंजा हा शब्द मूळचा भुताचा नव्हे. मुंज नांवाच्या गवताची मेखला कमरेस बांधावयाची म्हणून तें मौंजीबंधन, आणि तें ज्याचें झालें तो बटु मुंजा. कुलधर्माच्या दिवशीं मुंजा जेवावयास बोलावण्याची चाल कित्येक घरांतून अद्यापि आहे, व पाटावर बसलेला तो गोजिरवाणा मुलगा पाहून कोणासही भीति वाटत नाहीं. परंतु मुंज झाल्यानंतर व सोडमुंज होण्यापूर्वीं जो मुलगा जातो, तो दोन आश्रमांच्या मधल्या उंबरठ्यावर अडकून राहतो व पिंपळावर वस्ती करतो, अशी आपल्या लोकांची जुनी समजूत. तो वेताळासारखा भव्य नाहीं, खविसासारखा दांडगा नाहीं, हडळीसारखा कोणाच्या जिवावर उठलेला नाहीं. तो लहान आहे, खोडकर आहे, आणि त्याचें कांहीं राहून गेलेलें आहे. आमच्या मतें सर्व भूतयोनींत ही एकच अशी आहे कीं, जिच्या भीतींत अर्धा भाग वात्सल्याचा मिसळलेला असतो.

आमचे थोरले बंधु १९६४ सालच्या वैशाखांत मुंजा झाले, आणि त्याच सालच्या श्रावणांत तापानें गेले. त्यांचें वय नऊ वर्षांचें, आमचें पांच. घाटांतला रस्ता पावसानें बंद होता, आणि तीन दिवसांत सर्व आटोपलें. त्यांचें एकही छायाचित्र नाहीं. मुंजींत एक काढावयाचें ठरलें होतें, पण छायाचित्रकार येऊं शकला नाहीं. आम्हांस त्यांच्यासंबंधीं एवढेंच आठवतें कीं, त्यांनीं आपला पळसाचा दंड एक दिवस आम्हांस धरावयास दिला, व ‘तुझी मुंज झाली की तुला तुझा मिळेल’ असें सांगून लगेच परत घेतला. घराच्या मागें ओढ्याच्या कांठीं पिंपळ आहे. ‘तो गेला’ असें मातोश्रींनीं कधीं म्हटलें नाहीं. ‘तो तिकडे असतो’ असें म्हणत, आणि दर शनिवारीं तिन्हीसांजेस तेथें पणती ठेवीत. आम्हां उरलेल्या भावंडांस त्या पिंपळाचें भय वाटे. परंतु तें भय अशा जातीचें होतें कीं, चतुर्थीच्या मोदकांतला एक आम्ही कोणास न सांगतां तेथें नेऊन ठेवीत असूं.

त्या दिवशीं सायंकाळीं आम्हीं मातोश्रींस विचारलें, “आई, मुलांचं हसणं मनाला लागलं का तुझ्या?” त्या म्हणाल्या, “मुलं हसली त्याचं काय रे! मुलांनी हसावंच. पण तो असा नव्हता.” एवढें बोलून त्या तुळशीपाशीं दिवा लावावयास गेल्या, आणि आम्ही मात्र त्या शेवटच्या चार शब्दांपाशीं बराच वेळ बसून राहिलों.

खरें सांगावयाचें तर आमचीही स्थिति वेगळी झाली नाहीं. दुसरे दिवशीं पहाटे फिरावयास निघालों व पिंपळाखालून गेलों, तों साठ वर्षांत प्रथमच त्या झाडावर आम्हांस एक विशिष्ट तोंड दिसलें. तें आमच्या बंधूंचें नव्हतें. आदल्या दिवशींच्या चित्रांतलें, बुटक्या अंगाचें, सुरकुतलेलें, दांत विचकून हंसणारें असें तें तोंड होतें. साठ वर्षें ती जागा रिकामी होती. कधीं तेथें नुसता एक शब्द असे, कधीं पानांची सळसळ, कधीं पळसाचा एक दंड. त्या रिकाम्या जागीं परक्या कारागिरांनीं घडविलेली एक मूर्ति एका दुपारींत येऊन बसली, आणि आतां ती उठावयास तयार नाहीं. संगणकानें भयपटांत व प्रेक्षकांच्या कल्पनाशक्तींत काय फरक केला, हा प्रश्न आमच्यापुढें या वाटेनें आला. एरवीं या वयांत आम्ही त्याच्या भानगडींत पडलों नसतों.

वेदान्तांत रज्जुसर्पाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. दोरी ही सर्प दिसते, पण केव्हां? मिट्ट काळोखांत दोरीही दिसत नाहीं आणि सर्पही दिसत नाहीं. लख्ख उजेडांत दोरी ती दोरीच दिसते. सर्प दिसावयास मंद अंधार पाहिजे, म्हणून शास्त्रकारांनीं ‘मंदान्धकार’ हा शब्द योजला. त्यांचा रोंख ब्रह्मज्ञानावर होता, भयपटावर नव्हता, हें आम्ही जाणतों. तथापि भय उत्पन्न करण्याची सारी कला त्या एका शब्दांत सांठविलेली आहे, असें आम्हांस वाटतें. अर्धें बाहेरून यावयाचें, अर्धें पाहणारानें घालावयाचें.

आमची पहिली नेमणूक १९७९ सालीं मोखाडा तालुक्यांतील एका लहान शाळेवर झाली. गांवांत वीज नव्हती. शनिवारीं शाळा सुटल्यावर मोखाड्यास येऊन मोटार गांठावयाची तर दोन कोस रान तुडवावें लागे. भाद्रपदांतल्या एका सायंकाळीं आम्ही वाट चुकलों. बरोबर चौथ्या इयत्तेंतला एक वारली मुलगा होता. तो अगदीं शांतपणें म्हणाला, “गुरुजी, चकवा लागला. खाली बसा.” आम्ही संस्कृत पढलेले, मॅट्रिक झालेले, सरकारी नोकरींतले, पण बसलों. समोर वीस पावलांवर कोणीतरी उभें होतें. त्यास हात होते, मान होती, आणि आम्ही पाहूं लागतांच त्यानें ती मान हळूच वळविली. इतक्यांत वीज चमकली तों काय! वणव्यांत जळालेलें सागाचें खोड. मुलगा हंसला, आम्हीही हंसलों, व वाट सांपडली. त्या गोष्टीस चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं. त्या वर्षीं आम्हीं चार-दोन चित्रपट पाहिले असतील. त्यांतलें एकही दृश्य आज डोळ्यांपुढें येत नाहीं. तें खोड मात्र अजून मान वळवितें. कारण त्या मानेचे कारागीर आम्ही स्वतःच होतों.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत भयानक रसाचे विभाव सांगितले आहेत, त्यांत अगदीं आरंभीं विकृत ध्वनि येतो. मग भूतदर्शन, कोल्ही, घुबड, ओसाड घर, अरण्य. या रसाचा वर्ण त्यांनीं कृष्ण सांगितला, म्हणजे अंधाराचाच. आणखी एक मौजेची गोष्ट अशी कीं, मुनींच्या मतें भयानकाची उत्पत्ति बीभत्सापासून होते. म्हणजे बीभत्स हा कच्चा माल आणि भयानक ही त्यावरची संस्कृति. पुढें अभिनवगुप्तांनीं भयाचें साधारणीकरण समजावून देतांना उदाहरण घेतलें तें राक्षसाचें नव्हे, स्मशानाचें नव्हे, तर ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकांत राजाच्या रथापुढें धांवणाऱ्या हरिणाचें. तेथें रक्ताचा थेंब नाहीं. बाणसुद्धां अद्यापि सुटलेला नाहीं. आहे ती केवळ मागें वळलेली मान. बाण लागता तर करुण झाला असता, आतडीं बाहेर येतीं तर बीभत्स. भयानक उरला नसता. आजकालच्या कित्येक भयपटांत जीं आतडीं बाहेर येतात, तीं पाहून आमच्या मनांत येतें कीं, भरतमुनींनीं दाखविलेली वाट हे लोक उलट दिशेनें चालत आहेत.

मोखाड्यावरून पूर्वेस गेलें कीं त्र्यंबकेश्वर लागतें. दादासाहेब फाळके यांचा जन्म तेथला, १८७० सालचा. तेव्हां चित्रपटांतल्या चमत्काराची गंगोत्री आमच्या शेजारच्या गांवींच आहे, असा अभिमान आम्ही बाळगला तर तो क्षम्य मानावा. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’, १९१७ सालीं ‘लंकादहन’ आणि १९१९ सालीं ‘कालियामर्दन’, ज्यांत त्यांची कन्या मंदाकिनी हिनें बालकृष्णाचें काम केलें. दादासाहेबांचे चमत्कार हातांनीं केलेले: कॅमेरा मध्येंच थांबवून वस्तु बदलावयाची, किंवा एकाच फितीवर दोनदां चित्र उतरावयाचें. सांधे दिसत असतीलही. पण सांधा दिसला तेथें प्रेक्षक आपल्या पदरची भर घालीत होता, आणि भर घातलेली वस्तु आपली होते.

रॅमसे बंधूंच्या भयपटांविषयीं सभ्य घरांत बोलत नसत. तरीपण नाशिकला पेपर तपासावयास गेलों असतां आम्हीं व आमच्या एका गणित-शिक्षक स्नेह्यानें ‘पुराना मंदिर’ (१९८४) पाहिला, हें पाप आज कबूल करावयास हरकत नाहीं. त्यांतले मुखवटे, धूर व रंगाचें रक्त पाहून हंसूंच आलें. परंतु दार करकरूं लागलें कीं गणित-शिक्षकांचा हात आमच्या दंडावर येई. पुढें १९९३ सालीं महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. त्यांतला तात्या विंचू ही रामदास पाध्ये यांची बाहुली. आमच्या शाळेंत भाड्यानें व्हिडिओ आणून तो दाखविला होता. बाहुली आहे हें पोरांस पक्कें ठाऊक, तिचे ओंठ कसे हलतात याची नक्कल तीं दुसरे दिवशीं वर्गांत करीत. आणि तरी त्या रात्रीं वसतिगृहांत एकही मुलगा एकटा मोरीवर गेला नाहीं. युक्ति कळल्यानें भय जातें असें पुष्कळ लोक समजतात, तें आम्हांस खरें वाटत नाहीं. बाहुली खरोखर तेथें होती. नटानें तिला हातांत धरलें होतें, तिचें वजन त्याच्या मनगटास कळत होतें, आणि तें वजन कसें कोण जाणे पाहणारासही कळे.

संगणकाची रीत आम्हीं आमच्या पुतण्याकडून, जो पुण्यास त्याच व्यवसायाच्या आसपास नोकरी करतो, समजावून घेतली ती थोडक्यांत अशी. प्रथम प्राण्याचा आकार मातीच्या पुतळ्याप्रमाणें संगणकांत घडवावयाचा. त्यांत हाडांचा सांपळा बसवावयाचा, वर कातडें, केस, सुरकुत्या चढवावयाच्या. एखाद्या नटाच्या अंगावर खुणांचा पोशाख घालून त्याच्या हालचाली टिपावयाच्या व त्या या सांपळ्यास द्यावयाच्या. खऱ्या दृश्यांत दिवा ज्या अंगास असेल त्याच अंगानें त्याच्यावर उजेड पाडावयाचा, आणि शेवटीं तो खऱ्या चित्रांत असा बसवावयाचा कीं सांधा सांपडूं नये. एका सेकंदास चोवीस चित्रें, म्हणजे एका मिनिटास १४४०; त्यांतलें प्रत्येक याप्रमाणें सिद्ध करावयाचें. मेहनत अपार आहे, आणि ती करणारे आपल्याच घरांतले तरुण रात्रीचा दिवस करून करीत असतात, हें न विसरतां पुढचें लिहीत आहों. परंतु या रीतींत नटाला भ्यावयाचें असतें तें पुष्कळदां काठीच्या टोंकास लावलेल्या चेंडूला! चित्र पुरें होईपर्यंत भूत तेथें नसतेंच. नट शून्याकडे पाहून भितो, आणि मग त्या शून्याचा एक-एक केस भरून आम्हांपुढें ठेवतात. म्हणजे शून्य नटाच्या वांट्यास आलें व मूर्ति आमच्या. पूर्वीं हें उलट होतें.

अडचण हा कलेचा शत्रु नव्हे, याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतलें आहे. १९७५ सालीं स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं ‘जॉज’ काढला. त्याकरितां केलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यांत वरचेवर बिघडूं लागला. निरुपायानें त्यांनीं मासा दाखवावयाचाच टाळला; पाण्याचा पृष्ठभाग, तरंगणारीं पिंपें व संगीताचे दोन स्वर एवढ्यावर तासाहून अधिक वेळ चालविलें. यंत्र बिघडलें म्हणून चित्र सुधारलें! आज तो मासा बिघडणार नाहीं. हवा तेव्हां, हवा तितका दिसेल, आणि दाखवितां येतें म्हणून दाखवावयाचा मोह आवरणारे थोडे.

तथापि सर्व दोष यंत्राचा म्हणणें अन्यायाचें होईल. ‘एक्झॉर्सिस्ट’ हा १९७३ सालचा गाजलेला भयपट. त्यांत मुलगी पाठीवर वांकून चारी हातपायांनीं कोळ्यासारखी जिना उतरते असें एक दृश्य घेतलें होतें. पण तिला पेलणाऱ्या तारा दिसत म्हणून तें तेव्हां गाळावें लागलें. २००० सालीं संगणकानें त्या तारा पुसल्या, व तें दृश्य लोकांस दिसलें. येथें यंत्रानें कांहीं घातलें नाहीं, नुसतें पुसलें. उलट २०११ सालच्या ‘द थिंग’ या चित्राकरितां कारागिरांनीं हातांनीं राक्षसी रूपें करून चित्रित केलीं होतीं, आणि नंतर त्यांतल्या बहुतेकांवर संगणकाचीं रूपें चढविण्यांत आलीं. तें चित्र पाहून जाणत्या प्रेक्षकांनीं हळहळ व्यक्त केली ती वाजवीच होती.

आपल्याकडचा ‘तुंबाड’ (२०१८) तर या वादांतला मोठा साक्षीदार. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, नांव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून, आणि बीज नारायण धारप यांच्या कथेंतलें. अनेक पावसाळे खऱ्या पावसांत चित्रण केलें. त्यांतली सांखळदंडानें बांधलेली म्हातारी म्हणजे रंगभूषेच्या थरांखालीं बसविलेला एक मुलगा, मोहम्मद समद. संगणकाचें काम त्यांतही पुष्कळ आहे. पण हस्तराचें दर्शन होण्यापूर्वीं बराच वेळ जातो, आणि तोंपर्यंत आपण पावसाच्या आवाजांतच अर्धे भिजून व अर्धे भिऊन बसलेले असतों. २०२४ सालीं तो पुन्हां चित्रगृहांत लागला तेव्हां आमच्या पुतण्यानें आम्हांस आग्रहानें नेलें, व आम्ही कृतज्ञ आहों. तसाच विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट. तेथें भुतापेक्षां उंसाच्या फडाचेंच भय वाटतें, तेंही लख्ख उन्हांत. दोन पावलांपलीकडे दिसत नाहीं, एवढेंच त्या उंसाचें सामर्थ्य.

आतां ‘मुंज्या’ विषयीं. आदित्य सरपोतदार यांचा हा २०२४ सालचा चित्रपट कोंकणांत घडतो, व त्यांतलें भूत सर्वस्वीं संगणकांत जन्मलेलें आहे. तें रुसतें, हंसतें, धांवतें, त्याचा केस न् केस हलतो. काम म्हणून तें उत्तम आहे, आणि आपल्या मातींतलें भूत विलायती भुतांच्या पंक्तीस बसलें याचा आनंद आम्हांस झाला नाहीं असें म्हणणें लबाडी होईल. आमची तक्रार काम वाईट झाल्याची नाहीं. तें इतकें पुरें झालें याची आहे. त्यांत आम्हीं भरावें असें कांहीं शिल्लकच ठेवलेलें नाहीं.

हें सर्व आम्हीं रात्रीं ओटीवर बोलून दाखविलें, तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, रविवर्म्यांच्या तसबिरी छापून घरोघरी गेल्या तेव्हा तुमच्या पणजोबांनी हेच म्हटलं असेल. तुमच्या डोळ्यांपुढे सरस्वती येते ती कोणाची? रविवर्म्यांचीच ना?” आम्ही निरुत्तर झालों. डोळे मिटून पाहिलें तों खरोखरच ती तशीच आली, वीणा, मोर आणि पांढरें पातळ यांसह. आयुष्यभर शारदास्तवन शिकविलें, आणि देवता मात्र छापखान्यांतून आलेली! रात्रभर हा प्रश्न डोक्यांत घोळत राहिला. सकाळीं पूजेस बसलों असतां आमच्या लक्षांत आलें कीं, भिंतीवर गणपतीची तसबीर आहे खरी, पण कार्यांत आपण गणपति म्हणून मांडतों ती सुपारी. देवी म्हणून पुजतों तो कलश व त्यावरचा नारळ. सुपारीला सोंड नाहीं. ती आपण द्यावयाची. तसबीर आली तरी सुपारी गेली नाहीं, म्हणून आपलें कांहीं फार बिघडलें नाहीं. पुतण्यास हें सांगितलें, तेव्हां तो मान हलवून म्हणाला, “मग मुंजाची सुपारी कोणती?” त्याचें उत्तर आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं.

त्याच आठवड्यांत मोखाड्याकडील एका गांवीं बोहाडा होता. जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतर गांवोगांव हा मुखवट्यांचा उत्सव होतो, हें या भागांतल्या वाचकांस सांगावयास नको; इतरांकरितां लिहितों. रात्रीं सांबळ व पिपाणी यांच्या तालावर देवदैत्यांचीं सोंगें एकामागून एक नाचत येतात: गणपति, शारदा, मग नरसिंह, रावण, त्राटिका, वेताळ, आणि शेवटीं जगदंबा व महिषासुर यांचें युद्ध. मुखवटे मोठे, रंगीत, व सोंग घेण्याचा मान घराण्यांत वंशपरंपरा चालत आलेला. आम्ही बारा वर्षांच्या नातवास बरोबर नेलें. ‘मुंज्या’ पाहून सर्वांत जास्त तोच हंसला होता, आणि “आजोबा, ते सगळं हिरव्या पडद्यापुढे करतात,” असें आम्हांस समजावीत होता.

मैदानावर पांढरे प्रखर दिवे लावलेले पाहून प्रथम आमचा विरसच झाला. या दिव्यांनीं बोहाड्याचें तेंच केलें आहे जें संगणकानें भयपटाचें. रंगाचे पोपडेसुद्धां दिसतात. सोंगें येत होतीं, मुलें कुल्फी खात होतीं, नातू मोबाईलवर चित्रें घेत होता. एक वाजण्याच्या सुमारास वीज गेली. क्षणभर गलका झाला, आणि मग कोणीतरी टेंभे पेटविले. सांबळ थांबला नव्हता. त्या हलत्या उजेडांत वेताळ आला. मुखवटा तोच, लांकडासारखा ताठ, डोळ्याची पापणीही न हलणारा. पण ज्योत डावीकडे झुकली कीं तो हंसे, उजवीकडे झुकली कीं रागावे, आणि मध्येंच कोणाकडेतरी पाही. ज्याच्याकडे पाही तो मनुष्य मागें सरे. नातवाचा मोबाईल खिशांत गेला, आणि त्याचा हात आमच्या सदऱ्याच्या बाहींत आला. जपानांतले यंत्रज्ञ मासाहिरो मोरी यांनीं १९७० सालीं असें लिहिलें आहे कीं, यंत्राचा माणूस जसजसा माणसासारखा होतो तसतसा तो आवडूं लागतो, पण हुबेहूब होण्याच्या थोडें अलीकडे एक दरी लागते, व तेथें मनुष्यास शहारा येतो. संगणकवाले ती दरी ओलांडण्याची खटपट अहोरात्र करीत आहेत. आमच्या वारली-कोकणा मंडळींनीं मात्र टेंभा हातांत घेऊन तिच्या कांठावरच नाच मांडलेला आहे.

पहाटे परत येतांना नातू म्हणाला, “आजोबा, तो मुखवटा हलत तर नव्हता. मग माझ्याकडेच कसा बघत होता?” आम्हीं त्यास रज्जुसर्प सांगावयास सुरुवात केली, पण तो मोटारींत झोंपीं गेला.

दुसरे दिवशीं दुपारीं माजघरांत कोणी नव्हतें. आम्ही पाणी प्यावयास उठलों, तों आंतून नातवाचा आवाज आला. तो मातोश्रींजवळ बसून विचारीत होता, “पणजीआजी, तुझा मुंजा कसा दिसायचा ग?” आम्ही दाराआडच थांबलों. बराच वेळ उत्तर आलें नाहीं. मग त्या सावकाश म्हणाल्या, “कान जरा मोठे होते. घेरा ठेवलेला, तो वाढायला काही मिळालाच नाही. डाव्या भुवईवर खोक पडलेली, विहिरीच्या काठावर आपटून. आणि बोलताना आधी हसायचा, मग बोलायचा. त्यामुळे पहिला शब्द कधी कोणाला कळायचाच नाही.” नातवानें भुवईवर बोट ठेवून “इथे?” असें विचारलें असावें, कारण त्या म्हणाल्या, “थोडी वर.”

साठ वर्षांत ती खोक आम्हांस कोणी सांगितली नव्हती; आम्हींही कधीं विचारलें नव्हतें.

मातोश्रींचे गुडघे हल्लीं ओढ्यापर्यंत जाऊं देत नाहींत, म्हणून त्या शनिवारीं पणती घेऊन नातू गेला. आम्ही बरोबर येतों म्हणालों, तर “मी एकटाच जातो,” म्हणाला. जातांना चालत गेला. परत आला तो धांवत आला, दारांत चप्पल सोडतांना एकदां मागें वळून पाहिलें, आणि स्वयंपाकघरांत जाऊन आईजवळ लाडू मागूं लागला. एक मिळाल्यावर म्हणाला, “अजून एक दे. माझ्यासाठी नाही.”